आळवणे: हाक, आलाप आणि मागणे



'आळवणे' हे क्रियापद आपण सगळ्याच वापरतो आणि दर वेळी त्याच्याकडून थोडे वेगळे काम करून घेतो. रुसून कोपऱ्यात बसलेल्या लेकराला आई आळवते. गायक यमन आळवतो, मैफल संपत आली की भैरवी आळवतो. वारकरी विठ्ठलाला आळवतात. आणि घरात कोणी तेच तेच गाऱ्हाणे पुन्हा काढले की आपण म्हणतो, 'आता तोच राग आळवू नकोस.' गाणे, हाक मारणे, विनवणे, रडगाणे गाणे, सगळे एकाच शब्दात. वर स्वयंपाकघरातले आळवणे आहेच. आंब्याचा रस मंद आचेवर ठेवून, तळाला लागू न देता, आपण तो आळवतो. खीर आळून येते, पाक आळतो. तो शब्द मात्र वेगळा, नुसता कानाला सारखा. त्याचा गाण्याशी काही संबंध नाही. मला स्वतःला तो संबंध असायला हवा होता असे फार वाटते, कारण रस आळवणे आणि राग आळवणे या दोन्हीला सारखाच धीर लागतो. पण वाटण्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

या शब्दाच्या मागे मी लागले त्याला कारण घडले. आमच्या महिला मंडळाने चातुर्मासातल्या भक्तिगीतांच्या संध्याकाळीला 'आळवणी' असे नाव दिले होते. पत्रिका तयार झाली, सगळ्यांच्या फोनवर गेली, आणि एका जाणत्या गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की आळवणी वारकऱ्यांची. त्यांचा देव ऐकतो, धावून येतो, म्हणून ते त्याला आळवतात. आपला जिन वीतराग. तो रागावत नाही तसा प्रसन्नही होत नाही. त्याला आळवायचे म्हणजे सिद्धांतच सोडायचा. आपण फार तर स्तवन करावे. नाव बदलले गेले, कार्यक्रम छान झाला, कोणी वाद घातला नाही. पण मंडळातल्या सर्वांत वयस्क आजी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी काय करत होते गं?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी शब्द कुठून आला ते पाहायला हवे. हरकत घेणाऱ्यांनी 'आळवणे' म्हणजे 'मागणे' असे धरले होते. ते बरोबर आहे का?

संस्कृतात 'लप्' असा धातू आहे, अर्थ बोलणे. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून किती तऱ्हा झाल्या बघा. शोकाने बोलणे तो विलाप. भान सोडून बोलणे तो प्रलाप. एकमेकांशी बोलणे तो संलाप. खरे नाकारून बोलणे तो अपलाप. आणि कोणाकडे तोंड करून, त्याला उद्देशून बोलणे तो आलाप. आज आलाप म्हटले की आपल्यासमोर तानपुरा येतो, पण जुन्या संस्कृतात आलाप म्हणजे साधे बोलणे, संवाद.

लोकांच्या तोंडी म्हणजे प्राकृतात आल्यावर या शब्दाचा 'प' मऊ झाला. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'प' प्राकृतात बहुधा 'व' होतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी गुजरातेत, पाटणला, आठ अध्यायांचे मोठे व्याकरण लिहिले. त्यातले सात अध्याय संस्कृताचे आणि आठवा प्राकृताचा. त्या आठव्यात या बदलासाठी त्यांनी जेमतेम दोन शब्दांचे सूत्र केले आहे. आपल्याला सूत्राचीही गरज नाही, घरातले शब्द पुरेत. दीपचा दिवा झाला, कपाटचे कवाड झाले. स्थापणे झिजून ठेवणे झाले, रोपणेच्या शेजारी रोवणे आले, आणि ताप दिलेल्या सोन्याला आपण 'तावून-सुलाखून' म्हणतो. तसेच 'आलप'चे 'आलव' झाले. पुढे मराठीने आपली खास खूण केली. दोन स्वरांमधला एकटा 'ल' आपण 'ळ' करतो. फलचे फळ, मालाची माळ, कालचा काळ. (आणि 'काल संध्याकाळी' मधला काल तसाच का राहिला? कारण तो 'कल्य'पासून आला. प्राकृतात त्याचा जोड 'ल्ल' झाला होता, म्हणून तो 'ळ' व्हायचा वाचला.) आलवचे आळव झाले ते असे. मीठ नसलेल्या जेवणाला आपण अळणी म्हणतो, त्यातही हाच 'ळ' आहे: अलवण, म्हणजे बिनमिठाचे. मीठ सोडलेल्या दिवशी ताटावर बसून हे आठवले तर तेवढीच चव.

म्हणजे आळवणे आणि आलाप ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत. एक लोकांच्या तोंडून, उंबरठ्यावरून चालत आले; दुसरे पंडितांच्या पोथीतून, जसेच्या तसे. दिवा आणि दीप, काळ आणि काल यांचीही अशीच जोडी आहे. हिंदीतही 'राग अलापना' आहे. पण रुसलेल्या मुलाला हिंदीत कोणी अलापत नाही.

आता जरा आपल्या आगमांकडे वळू. माझे माहेर दिगंबर, बस्तीतल्या अभिषेक-पूजेत वाढलेले. सासर स्थानकवासी, तिथे सकाळ सामायिकाने उजाडते. त्यामुळे दोन्ही घरची पुस्तके माझ्या टेबलावर असतात आणि दोन्हीकडची माणसे मला 'तुमचं वेगळं' म्हणतात. पण या शब्दाच्या बाबतीत दोन्ही घरांचा उपयोग झाला. सासूबाईंच्या दशवैकालिक सूत्राच्या सातव्या अध्ययनात मला आपले क्रियापद भेटले, अगदी प्राकृत वेषात: 'आलवे', 'आलवेज्ज'.

हे सूत्र आचार्य शय्यंभवांनी रचले असे परंपरा सांगते. त्यांचा मुलगा मनक लहान वयातच दीक्षा घेऊन त्यांच्याजवळ आला. त्याचे आयुष्य सहाच महिने उरले आहे हे त्यांना कळले, आणि एवढ्या वेळात त्याला मुनिधर्माचे सार शिकता यावे म्हणून त्यांनी दहा अध्ययनांचा हा ग्रंथ केला. सातवे अध्ययन वाणीचे आहे. साधूने काय बोलावे, काय बोलू नये. त्यात एक जागा अशी येते, की साधूने बाईला हाक कशी मारावी. आजी, पणजी, आई, मावशी, आत्या, भाची, लेक, नात, यातल्या कोणत्याही नात्याने तिला बोलावू नये. घर सोडलेल्याने पुन्हा नात्यात अडकू नये, हा हेतू. 'हले', 'हले' अशा सलगीच्या हाका नकोत, 'स्वामिनी' अशा खुशामतीच्याही नकोत. मग कसे बोलवायचे? तिच्या नावाने, किंवा गोत्राने, जसे योग्य असेल तसे. या सगळ्या ठिकाणी क्रियापद आहे 'आलवे'. त्या काळच्या हाकांची ही यादी वाचताना मला गल्लीतून चालल्यासारखे वाटले. जुन्या चूर्णीत तर यातली कोणती हाक कोणत्या मुलखात चालते याच्याही नोंदी आहेत, आणि त्यात मरहट्ठ, म्हणजे आपलाही मुलूख, येतो.

इथे आळवण्याचा अर्थ काय? गाणे नाही. मागणे तर मुळीच नाही. ज्याने सगळे सोडले तो बाईकडून काय मागणार, फार तर भिक्षा, आणि तिचे नियम पुन्हा वेगळे. इथे अर्थ एवढाच, की समोरच्या माणसाला नावाने हाक मारणे. पाली व्याकरणकारांनी तर आपण ज्याला संबोधन विभक्ती म्हणतो तिलाच 'आलपन' असे नाव दिले. 'बाळा', 'आई गं', 'हे प्रभो', हे सगळे आलपन.

माझ्या दृष्टीने खरी किल्ली याच्या पुढे आहे. आपल्या शास्त्रकारांनी भाषेचे चार प्रकार केले: सत्य, असत्य, दोन्हींची मिसळ, आणि चौथी अशी, की जिला खरीही म्हणता येत नाही आणि खोटीही. 'ये', 'दे', 'कुठे चाललीस?', ही वाक्ये खरी का खोटी असे विचारताच येत नाही. या चौथ्या भाषेला असत्यामृषा किंवा अनुभय भाषा म्हणतात. तिचे पोटप्रकार श्वेतांबर आगमांत बारा मोजले आहेत आणि दिगंबरांच्या गोम्मटसारात नऊ. दोन्ही याद्यांची सुरुवात एकाच प्रकाराने होते: आमंत्रणी, म्हणजे हाक मारण्याची भाषा. त्यानंतर आज्ञापनी, आज्ञा करण्याची. त्यानंतर याचनी, मागण्याची. म्हणजे हाक मारणे आणि मागणे हे आपल्याकडे दोन वेगळ्या खणांत ठेवलेले आहेत. एकीचे काम दुसरी करत नाही. मराठी 'आळवणे' मूळचे पहिल्या खणातले. तिसऱ्या खणात ते नंतर शिरले.

लोगस्स रोज म्हणणाऱ्या कोणाही बाईला इथे एक शंका येईल, मलाही आली. लोगस्समध्ये तर आपण शेवटी आरोग्य, बोधी आणि समाधी द्या असे म्हणतोच. मग ते मागणे नव्हे का? ही शंका फार जुनी आहे. आवश्यक निर्युक्तीत तिचे उत्तर दिलेले आहे, आणि ते मोठे प्रामाणिक आहे. ज्यांचे राग-द्वेष संपले ते समाधीही देत नाहीत आणि बोधीही देत नाहीत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मग आपण म्हणतो ते काय? तर ती असत्यामृषा भाषा आहे, केवळ भक्तीने बोललेली. 'द्या' म्हणणाऱ्या बाईला निर्युक्तीकार खोटे ठरवत नाहीत, आणि तिला वेडी आशाही दाखवत नाहीत. सासूबाई अशा जागी मान हलवून 'बरोबर' एवढेच म्हणतात. मला मात्र हे वाचून जिन्यातल्या आजींना लगेच फोन करावासा वाटला, आणि मी तो केलाही.

माहेरच्या घरचा आधार समंतभद्रांचा. त्यांच्या स्वयंभूस्तोत्रात चोवीस तीर्थंकरांची स्तुती आहे. बाराव्या वासुपूज्यांच्या स्तुतीत ते देवालाच सांगतात, की तू वीतराग, तुला आमच्या पूजेचे काही नाही. तुझ्यात वैरच उरले नाही, तेव्हा निंदेचेही काही नाही. तरी तुझ्या गुणांची आठवण आमच्या मनाचा मळ धुते. आता यात एक गंमत आहे. हे सगळे ते 'हे नाथ' अशी हाक मारून सांगतात. ज्याला काही देणे-घेणे नाही असे ते म्हणतात, त्याच्याकडेच तोंड करून म्हणतात. ही शुद्ध आमंत्रणी भाषा झाली. व्याकरणात याचे नाव संबोधन, आणि मराठीत आळवणे.

मग हाक मारणे हे गाणे कधी झाले? याचा दुवा संगीताच्या ग्रंथांत आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा ग्रंथ आपल्याच भूमीत लिहिला गेला. देवगिरीला यादव राजा सिंघण (सुमारे १२१० ते १२४७) राज्य करत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता, घराणे मूळचे काश्मीरचे. दिवसा राज्याचे हिशेब पाहणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात आलापाला 'आलप्ति' असा शब्द आहे, आणि आलप्ति म्हणजे रागाला प्रकट करणे अशी तिची समजूत दिली आहे. याच सुमाराच्या शतकातल्या एका दिगंबर आचार्यांचा, पार्श्वदेवांचा, 'संगीतसमयसार' हाही ग्रंथ आहे. आपल्या पाठशाळांत त्याचे नाव कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. संगीतावर लिहिणारा जैन आचार्य म्हटले की लोक अजूनही दचकतात.

रागाला प्रकट करणे, या कल्पनेपाशी जरा थांबू. राग म्हणजे काही समोर ठेवलेली वस्तू नाही. गवई घाई न करता एकेक स्वर लावतो, मागे येतो, पुन्हा त्याच स्वराशी जातो, आणि थोड्या वेळाने ऐकणाऱ्याला वाटते, आला, यमन आला. त्याला बोलावले म्हणून तो आला. शब्द नसतात, ताल नसतो, नुसती हाक असते. आईचे आळवणे काय वेगळे असते? 'ये गं माझी शहाणी', पुन्हा 'ये गं', स्वर जरा खाली, मग जरा वर, मध्ये गप्प. मूल येते ते शब्दांमुळे येत नाही. तान्ह्याला तर शब्द कळतही नाहीत, आणि तरी ते वळून बघते. बोलण्यातला आलाप आणि गाण्यातला आलाप यांच्यामध्ये कुठे तरी बाळंतिणीची खोली असावी, असे मला आपले वाटते. याला पुरावा नाही, हे माझे मत आहे.

तिसरा अर्थ, विनवण्याचा, मराठीत ठसवला तो बहुतेक वारकरी संतांनी. अभंगांत हे क्रियापद जागोजागी भेटते. विठ्ठल त्यांची माउली, ते स्वतः लेकरे. गंमत अशी, की इथे दिशा उलटली. घरात आई लेकराला आळवते, अभंगात लेकरू आईला आळवते. आणि लेकरू आईला हाक मारते तेव्हा त्या हाकेतच भूक असते, भीती असते, उचलून घे असे असते. त्यामुळे त्यांच्या आळवण्यात मागणे आपोआप मिसळले. त्यांच्या तत्त्वाला ते शोभते. त्यांचा देव विटेवर उभाच मुळी भक्तासाठी आहे. आपल्या हरकत घेणाऱ्या गृहस्थांच्या कानात हा अर्थ बसलेला होता, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मराठी कानाला तो पहिला ऐकू येतोच. पण तो या शब्दाचा पहिला अर्थ नव्हे, आणि एकमेव तर नव्हेच.

आता एक गोष्ट आपापसात कबूल करू या. आपणही मागतो. पद्मावतीची ओटी भरताना आपण काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या माहेरच्या बाजूच्या किती तरी बायका कर्नाटकात हुमचला जाऊन येतात, त्या नुसत्या गुणस्मरणाला जात नाहीत. लेकीचे लग्न, सुनेचे बाळंतपण, नवऱ्याचे दुखणे, सगळे तिथे सांगितले जाते. ती शासनदेवता आहे, वीतराग नाही; ती ऐकते अशी श्रद्धा आहे. तिथे आळवणे वारकऱ्यांच्याच अर्थाने चालते. सासरी हे कोणाला पटत नाही, आणि त्यावरून आमच्याकडे एक-दोनदा जेवणे अबोल्यात झाली आहेत. मी या वादात पडत नाही. पण एकाच बस्तीत, पाच पावलांच्या अंतरावर, एकाच बाईच्या तोंडी हे क्रियापद दोन अर्थांनी वावरते, आणि ती बाई कधी गोंधळत नाही. जिनासमोर तिचा आवाज वेगळा लागतो, पद्मावतीसमोर वेगळा. शब्दकोशाला जो फरक दोन ओळींत सांगावा लागतो तो तिच्या गळ्याला आपोआप कळतो.

जिनासमोरचा आवाज कसा असावा, याचे मला सर्वांत आवडते उत्तर भक्तामर स्तोत्रात आहे. तुमच्या पाठात श्लोक ४४ असोत की ४८, सहावा सगळ्यांचा एकच. मानतुंगाचार्य म्हणतात, माझे ज्ञान थोडे, विद्वान मला हसतील. पण तुझी भक्तीच मला बळेच बोलायला लावते. आणि दाखला देतात कोकिळेचा. वसंतात ती गोड गाते त्याला एकच कारण, आंब्याचा मोहोर. ती मोहोराकडे काही मागत नाही. मोहोर तिला काही देत नाही. तो तिच्यासाठी फुललेलाही नाही. तरी तो नसता तर ती गायली नसती. वीतरागासमोर गाणाऱ्या बाईचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

त्या श्लोकात कोकिळेसाठी जे क्रियापद आहे ते 'रु' या धातूचे, विरौति. आवाज करणे, रव करणे. ठाणांग सूत्रात एक ते दहा अशा संख्यांच्या हिशेबाने विषय लावले आहेत. साताच्या ठिकाणी सात स्वर येतात. तिथे कोणता प्राणी कोणता स्वर काढतो हे सांगितले आहे: मोर षड्ज, कोंबडा ऋषभ, हंस गंधार, गाई-मेंढ्या मध्यम, फुलांच्या दिवसांतली कोकिळा पंचम, सारस आणि क्रौंच धैवत, हत्ती निषाद. इथेही पाखरांसाठी क्रियापद 'रु'चेच, रवइ. ते मराठीत अजून जिवंत आहे. पहाटे कोंबडा आरवतो ना? आरव म्हणजे आवाज, त्यावरून आरवणे. आरवणे आणि आळवणे जवळजवळ सारखे वाटतात, पण एक 'रव'चे, एक 'लप'चे. कोंबड्याने कितीही सुरेल ऋषभ लावला तरी तो आळवतो असे आपण म्हणणार नाही, कारण तो कोणाला उद्देशून काही म्हणत नाही. निदान आपण तसे समजतो. कोंबडीला विचारले पाहिजे.

त्याच प्रकरणात पुढे बायकांचे गाणे येते, आणि तिथे क्रियापद बदलते: गायइ. कोणती बाई कशी गाते, असा प्रश्न विचारून उत्तर दिले आहे. श्यामा मधुर गाते. काळी खरखरीत आणि रूक्ष गाते. गोरी चतुराईने गाते. काणी विलंबित, आंधळी घाईने, आणि पिंगट वर्णाची बेसूर. आगम म्हणून मी हात जोडते, पण ही यादी मला पटत नाही. रंगाने गळा ठरत असता तर आमच्या मंडळात निवड करायला दिवा लावून तोंडे बघितली असती. संस्कृत काव्यात श्यामा म्हणजे तरुण स्त्री असाही अर्थ होतो, तो घेतला तर पहिले वाक्य जरा सुसह्य होते, बाकीची नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ही त्या काळच्या गाणाऱ्यांतली प्रचलित म्हण असावी, आणि संग्रह करणाऱ्यांनी ती स्वरांबरोबर उचलली.

पण त्याच जागी जे गाण्याचे सहा दोष आणि आठ गुण दिले आहेत ते मात्र कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावेत असे आहेत. मी चिकटवले आहेत. दोष असे: भ्यालेले गाणे, घाईचे गाणे, श्वास अपुरा पडलेले गाणे, तालाबाहेरचे गाणे, कावळ्याच्या स्वराचे गाणे आणि नाकातले गाणे. गुण असे: पूर्ण, रंगलेले, अलंकारांनी सजलेले, शब्द स्पष्ट असलेले, ओरडा नसलेले, मधुर, सम आणि सुललित. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही यादी आहे आणि कोणत्याही पर्युषणातल्या भजनाला आजही तशीच्या तशी लागू पडते. ओरडा नसणे हा वेगळा गुण म्हणून मोजला आहे, हे ज्यांच्या हातात माइक असतो त्यांनी विशेष वाचावे. आरतीत तालाबाहेर जाण्याचे श्रेय बहुतेक वेळा गळ्याचे नसते, घंटा वाजवणाऱ्या छोट्या मंडळींचे असते. ते सोडून देऊ.

मला विचार करायला लावला तो पहिल्या दोषाने. भीत, म्हणजे भ्यालेले. नाकातल्या आवाजाच्या, कावळ्याच्या स्वराच्याही आधी भीती मोजली आहे. आमच्या पाठशाळेत दहा-बारा मुली भक्तामर शिकायला येतात. एकट्या म्हणायला उभ्या केल्या की आवाज आत जातो, मान खाली जाते, शब्द गिळले जातात. चूक झाली तर कोणी टोकेल, हसेल, ही धास्ती. त्याच मुली प्रसादाच्या वाट्या धुताना नळाखाली असे मोकळे गातात की मी हातातले काम थांबवते. यंदा मी त्यांना पाठ म्हणून दाखवायला समोर उभे करायचे नाही असे ठरवले आहे. वाट्याही धुवायच्या आणि श्लोकही म्हणायचे. सहाव्या श्लोकापर्यंत त्या आल्या आहेत, आणि 'कोकिळा कोणासाठी गाते?' असे विचारल्यावर सर्वांत धाकटीने मान वर न करता उत्तर दिले, "आंब्याला बोलावते."

उत्तर श्लोकात बसणारे नाही. मी ते दुरुस्त केले नाही.